कोतवाल बुकातली बिननावाची मुलगी

मोर्शीच्या आत्याने माझ्या लेकीची ओटी भरायला साफ नकार दिला, तेव्हा मी चिडलेच. डोहाळजेवण अकोल्याला माझ्या घरी, आणि घरात थोरली आता तीच. पण फोनवर म्हणाली, "मले नको बोलावू, माय. मी आईच्या जिवावर आलेली. अशा कामाले माहा हात नको."

ऐंशी वर्षांची बाई, नातवंडं खेळवून झाली, तरी हेच! ती जन्मली त्याच दिवशी तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. माझे बाबा तेव्हा तीन वर्षांचे, त्यांनाही ऐकूनच माहीत. आत्या आयुष्यभर दुसऱ्या बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे, आणि कोणी तिला ओलांड म्हणतही नसे. याचा मला खरा राग होता.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. कागद बघितल्याशिवाय मी स्वतःच्या लग्नाच्या तारखेवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून थेट तेल्हारा गाठलं, आमचं गाव त्याच तालुक्यातलं. पूर्वी गावोगावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद करायचा. ती कोतवाल बुकं रेकॉर्ड रूममध्ये आहेत. लोक तिथे जातीच्या दाखल्यासाठी नकला काढायला येतात. मी आजीसाठी आले होते.

दिवसभर आत्याचं नाव शोधलं. नाव नाही. संध्याकाळी मी तिथल्या कारकुनावर उखडले, की तुमचं बुकच अर्धवट आहे. त्याने शांतपणे चष्मा काढला.

"मॅडम, नाव कसं सापडीन? कोतवाल दोन-तीन दिवसांत नोंद घेऊन जाये. बारसं बाराव्या दिवशी. लेकराले तवा नावच नसे. बापाचं नाव पाहा, पुढं मुलगा का मुलगी तेवढंच लिहेल असते."

वर्गात पोरांना अक्कल शिकवणारी मी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओशाळले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून बसले.

आता सावकाश वाचत गेले तर गाव बोलायला लागलं. पिंजाऱ्याच्या घरी जुळी. सुताराचा मुलगा, साप चावून. एकाच आठवड्यात हगवणीने गेलेली पाच माणसं, आणि त्याच पानावर तीन जन्म. कोतवालाचं अक्षर मोठं, ठसठशीत, घाई कुठेच नाही. मग जूनमध्ये आजोबांचं नाव आलं, पुढे 'मुलगी'. आजोबांना मुलगी एकच. मी त्याच महिन्याचे मृत्यू पाहिले. आजी नव्हती. जुलैत नव्हती. ऑगस्टात नाही, दिवाळीच्या महिन्यातही नाही. थेट पुढच्या मार्चमध्ये सापडली. आजोबांच्या नावापुढे 'बायको', कारण 'ताप'. आजोबांनी दुसरं लग्न कधी केलं नाही, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

नऊ महिने! गावाच्या तोंडी ते आकसत आकसत एका दिवसावर आले होते. आई नसलेली पोर दिसली की लोकांना कारण लागतं, आणि पोर समोरच असते.

शिक्क्याच्या दोन्ही नकला घेऊन दुसऱ्या दिवशी अमरावतीमार्गे मोर्शीची बस धरली. आत्या अंगणात संत्र्याच्या साली वाळत घालत होती. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

"मी मिरगातली, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "अन् आई?"

"होळीच्या सुमाराला."

ती बोटांवर मोजू लागली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मंग मी बसाले लागली असन," ती म्हणाली. "तिनं मले दूध पाजलं असन."

"हो आत्या."

"अन् बारशाले मी तिच्याच मांडीवर होती." मग ती आपलं स्वतःचं नाव हळूच, दोनदा म्हणाली. "हे नाव तिनं ऐकलं, बाई. या नावानं तिनं मले हाक मारली."

दोन्ही कागद तिने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. मग सुनेला आतून हिरवं लुगडं काढायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ओटी कोणत्या दिवशी हाय?"