मळवलेली नवी जाळी

आमच्या गॅलरीसमोरच्या शेडमध्ये पत्रे दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनचं वर्कशॉप आहे. परवा तिथल्या दत्तूची दोन बोटं मशीनखाली गेली. आज कपडे वाळत घालताना पाहिलं, तर कालपर्यंत उघड्या असलेल्या त्याच मशीनला हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी बसलेली, नवी कोरी, आणि सुपरवायझर फडक्याने तिला ग्रीस आणि धूळ फासत होता.

नवी वस्तू माणूस पुसून ठेवतो, मुद्दाम मळवत नाही. अपघातानंतर बसवलेली जाळी म्हणजे पुढच्या हातांची काळजी, हे मला समजतं. पण जुनी दिसावी म्हणून मळवलेली जाळी कुणाची काळजी घेत असते?

थोड्या वेळाने दत्तूची बायको भरपाईचं विचारायला फाटकापाशी आली.

"वहिनी, जाळी होतीच की," सुपरवायझर म्हणाला. "दत्तूनं स्वतः काढली. मुद्दाम काढल्यावर कुठली भरपाई? तरी दवाखान्याचं आम्ही बघतोय ना?"

"ते असं करायचे नाहीत, भाऊ," ती म्हणाली. पण तिचा आवाज खाली गेला. तिला स्वतःच्या नवऱ्याचाच संशय येऊ लागला होता. संशय असा चुकीच्या दारात नेऊन सोडता येतो.

मी बादली तशीच ठेवून खाली उतरले. "जाळी आज बसली," तिला म्हटलं. "मी डोळ्यांनी पाहिलं."

सुपरवायझर हसला. "काकू, तुम्हाला मशीनमधलं काय कळतं?"

"लिहून द्याल?" तिने मला विचारलं. आता ती माझ्याकडेही त्याच संशयाने पाहत होती, आणि तिचं चुकत नव्हतं; तोंडी सांगून लिहायच्या वेळी मागे सरणारे पुष्कळ असतात. मी तिला घरी नेलं आणि तिच्यासमोरच लिहायला बसले.