सोळा भोकांचं सॉकेट

गॅरेजात तिला सगळे वहिनीच म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा. धाकट्या दिराच्या तोंडचं नाव होतं, तेच पसरलं. बापाच्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलाशी ती वाढली. सासऱ्यांनी तिच्या हातचं सोल्डरिंग एकदा पाहिलं आणि म्हणाले, "वायरिंग आता सूनबाई बघेल." त्याला तेवीस वर्षं झाली. तरी नवं मशीन आलं की दिराला वाटायचं, आता वहिनीची गरज संपली.

मास्तरांची सेकंडहँड गाडी तिसऱ्यांदा आली होती. मास्तर भूगोलाचे, निवृत्त. गाडी सकाळी ठसकत सुरू व्हायची आणि इंजिनाचा पिवळा दिवा विझायचा नाही. दीर दोन दिवस डॅशबोर्डखालच्या सॉकेटला बिघाड वाचणारा स्कॅनर लावून बसला होता, पण पडद्यावर एकच ओळ यायची: संपर्क होत नाही.

"स्कॅनरच खराब निघाला," तो म्हणाला.

"भाऊजी, गाडीचा कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचा की नव्या, ते पाहिलंत का?"

"सोळा भोकांचं सॉकेट आहे. म्हणजे नवीच."

"भोकं मोजून ते कळत नाही. पंच्याण्णव-शहाण्णवच्या बदलाच्या काळात कंपन्यांनी काही गाड्यांना सॉकेट नवं बसवलं, आतला कॉम्प्युटर जुनाच ठेवला. हे मी काल सांगितलं. परवाही सांगितलं."

मास्तरांनी पिशवीतून कागद काढला. "नोंदणी शहाण्णवची आहे. छापलंय इथे."

वहिनीने ड्रायव्हरचं दार उघडलं. चौकटीवरच्या पट्टीवर बनावटीचा महिना होता, पंच्याण्णवचा मे. मग बॉनेट. तिथल्या इंजिनाची माहिती देणाऱ्या स्टिकरवर आधीच्या मालकाने खुशाल रंग फासला होता. ओलं फडकं आणि नख घेऊन ती अर्धा तास खरवडत बसली. नव्या पद्धतीचा उल्लेख स्टिकरवर कुठेच नव्हता.

"जुनी आहे," ती म्हणाली. "स्कॅनर ठेवा बाजूला. हिचा दिवाच बोलतो, लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगतो; फक्त मोजावं लागतं."

इंजिनाजवळच्या काळ्या डबीतली दोन टोकं तिने वायरीच्या तुकड्याने जोडली, किल्ली फिरवली आणि मोजायला लागली. दिवा दोनदा लुकलुकला.

"बंद पडला का?" मास्तरांनी विचारलं.

पुन्हा पहिल्यापासून. आता दीर म्हणाला, "तीनदा लागला." तिसऱ्या वेळी नवऱ्याचा फोन आला, जेवायला घरी येणार का म्हणून. वहिनी गाडीत बसली, दारं लावली, काचा वर केल्या. बाहेर दोघं हातवारे करत होते. तिने तिकडे बघितलंच नाही. दोन, थांबा, दोन. पुन्हा दोन, थांबा, दोन.

बावीस. दुरुस्तीच्या पुस्तिकेत बावीस म्हणजे इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर. त्याचा प्लग उघडला तर आत हिरवा गंज, आणि वायर तिच्या हातातच तुटून आली. नवं टोक जोडायला पंधरा मिनिटं लागली. मग जुनी नोंद पुसायला तिने कॉम्प्युटरचा फ्यूज काढून परत बसवला, गाडी सुरू केली. दिवा विझला.

"पकडलंच की नाही आपल्या मशीनने," दीर मास्तरांना म्हणाला.

"मशीन डब्यात आहे, भाऊजी," वहिनी हात पुसत म्हणाली.

मास्तर कागद उलटसुलट करत होते.

"वहिनी, मग नोंदणीतलं वर्ष दुरुस्त करून घ्यावं का?"

ती स्टुलावर बसली. "नोंदणीचं वर्ष बरोबरच आहे, मास्तर. तुम्ही गाडी घ्या आणि घरी जा."