आबांच्या खोलीतला एसी

सांगलीला आमच्याकडे एसीचं काम करायला एक मेकॅनिक पलूसहून मोटारसायकलवर यायचा. आधी माझ्या वडिलांजवळ, आबांजवळ, बसून चहा प्यायचा, मगच हत्यारं काढायचा. तांब्याचा पाइप आतल्या युनिटला जोडताना नट दोन पान्यांनी आवळायचा, सांध्यावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतोय का ते श्वास रोखून बघायचा. "ग्यास लय चोर असतोय," म्हणायचा.

आबा गेल्यावर, यंदा, त्यांच्या खोलीतला एसी माझ्या खोलीत हलवायला मी त्याला बोलावलं. पाइप जोडून झाले, गार वारा सुटला. त्यानं सवयीनं वाऱ्याची पट्टी वर केली.

"थेट अंगावर नगं. आबांचं गुडघं धरत्यात."

बोलून झाल्यावर त्याचा हात पट्टीवरच राहिला. पट्टी त्यानं खाली केली नाही. मीही सांगितलं नाही.