सुईणीचं वावर

निवृत्त झाल्यावर मी वावरांची नावं गोळा करायला लागलो. गावांची नावं कोणीही लिहील. मला सौंसर-पांढुर्ण्याकडच्या एकेका शेताच्या नावामागची गोष्ट हवी होती. स्कूटर काढायची, तिगाव नाहीतर मोहगाव गाठायचं, पारावर चहा मागवायचा आणि म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. सहा वर्षं हे चाललं. प्रत्येक वावरातून कोणता तरी राजा गेलेला असायचा, नाहीतर सीतामाई तरी थांबलेली असायची. मीही ते भक्तिभावानं उतरवून घ्यायचो.

मग कळलं, माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता अंगणवाडी सेविका, हेच काम करते आहे. आयत्या बिळावर नागोबा, मी म्हटलं. तिची वही मागून आणली आणि एका बैठकीत वाचली. एका वावरात बैल विहिरीत पडला होता, एकात दोन भावांचं भांडण मिटलं होतं. राजा एकही नाही. प्रत्येक गोष्टीखाली सांगणारीचं नाव. वाचता वाचता माझ्या पोटात दुखायला लागलं. हेवा, दुसरं काय! तोही चौथीपर्यंत पाढे चुकणाऱ्या मुलीचा. चुका शोधायला वही पुन्हा वाचली. शुद्धलेखनाच्या सापडल्या, पण त्यांनी काही जळजळ थांबली नाही.

वही न्यायला ती आली तेव्हा मी जरा तोऱ्यातच विचारलं, "तुला हे सगळं सांगतं कोण?"

"वेचणीवाल्या बाया, सर. सुट्टीच्या दिवशी मी आईसंगं कापूस वेचाले जातो. कमरेले कापसाची ओटी बांधली का बाया बोलतेत. तुमी पारावर मालकाले विचारून राहिले. मालक कागदावरचा खसरा नंबर सांगते. उद्या कोन्त्या वावरात जाचं, हे बायाइले नावानंच सांगा लागते."

सहा वर्षांत मी एकाही बाईला काही विचारलं नव्हतं. हे तिला कळू नये म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

तिनं पिशवीतून नवी वही काढली. "एक अडलं हाये, सर. नाव साऱ्याइले माहीत हाये, गोष्ट कोनालेच नाही." पानावर लिहिलं होतं, 'सुईणीचं वावर'. खाली जागा कोरी.

ते वावर आमचं. घरात त्याला संत्र्याची बाग म्हणतात. आईनं एकदाच सांगितलं होतं, आणि कोणाला बोलू नको म्हणून शपथ घातली होती. माझे आजोबा पायाळू जन्मले. सुईणीनं बाळ-बाळंतीण दोघांना वाचवलं म्हणून पणजोबांनी तिला ते वावर दिलं, तोंडी. ती वारली त्याच साली त्यांनी त्यात पुन्हा आपला नांगर घातला. तिची मुलगी दिवसभर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती. पुढे नाव पुसलं जावं म्हणून तिथं संत्री लावली.

म्हणजे अखेर एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. ही मी माझ्या वहीत लिहीन, असंही मनात आलं. पण माझ्या वहीत आसपासची सगळी वावरं होती. हे एक मी सहा वर्षांत कधी घातलंच नव्हतं.

"माहीत नसन तर राहू द्या, सर," ती उठत म्हणाली.

"बस. लिही," मी म्हटलं.

तिनं सगळं लिहून घेतलं. मधे एकदाही मान वर केली नाही. मग पेन थांबवून हळूच म्हणाली, "सांगनाऱ्याचं नाव नाही टाकलं तं चालन, सर."

"टाक," मी म्हटलं. "आडनावासकट टाक."