हैबतीची मेलेली जीभ

पेशवाईतल्या पुण्यात सरदार आप्पासाहेबांच्या मुदपाकखान्यात हैबती ताटं चाखायचा. विषाच्या भयानं आप्पासाहेब त्याच्याआधी घास घेत नसत. चाखणाऱ्यानं बाहेरचं काही खायचं नाही, असा तिथला दंडक होता, कारण बाहेरच्या अन्नानं त्याचं पोट दुखलं तरी घरभर विषाची बोंब व्हायची. त्यामुळं मुंढव्याला घरी गेला तरी बायकोच्या हातची भाकरी तो नुसती बघायचा.

"माझ्या हातात इख हाय व्हय?" सोजरा विचारायची.

पौषात त्यानं सोंग घेतलं. "सरकार, जीभ मेली. खारट-आंबट कळंना. दुसरा माणूस बघा."

आप्पासाहेबांनी वाद घातला नाही. कोवळा हुरडा आणि गोव्याहून आलेली द्राक्षाची दारू त्याच्यापुढं ठेवली. "एवढं शेवटचं चाख आणि जा."

हैबतीनं हुरड्याचा बकाणा भरला, वर घोट घेतला. हुरडा गोड, दुधाळ. दारू आंबट. दोन्ही एका तोंडात नांदेनात, आणि त्याला राहवेना.

"सरकार, मधी लसणाची चटणी पायजे. न्हाईतर दारू हुरड्याला गिळती."

"मेलेली जीभ बरीच बोलते रे," आप्पासाहेब हसून म्हणाले. "चटणी आणा."

चटणी आली. हैबतीनंच ती आधी चाखली. तिन्ही चवी अशा जमल्या की त्याला स्वतःचाच संताप आला.

बाहेर सोजरा त्याला न्यायला आली होती. त्यानं पहारेकऱ्याकडं निरोप दिला, "जेवून घे म्हणावं. वाट बघू नको."