मेदिंगने फिरवलेलं ताट

माझी नणंद दिविना शाळेचे गणवेश शिवते. तिच्या आत तिघं राहतात: ती स्वतः, अबोल सेला आणि अंबो नावाचा एक तिरसट म्हातारा. लग्न होऊन मी मियागाओ गावी सासरी आले तेव्हा तिनं हे मला सरळ सांगून टाकलं. मी विचारलं, अंबोला जेवायला काय आवडतं? तिथेच आमचं जमलं.

सासूबाईंचं मात्र अंबोशी कधी जमलं नाही. दिविना काट्या-चमच्यानं जेवते, अंबो खुर्चीवर पाय घेऊन हातानं. वर सासूबाईंना नावानं हाक मारतो. पोटच्या पोरीच्या तोंडून 'मेदिंग' ऐकलं की त्या दिवसभर धुसफुसायच्या. शेवटी त्यांनी भूत उतरवणाऱ्या तातय इस्कोला शुक्रवारी दुपारी बोलावलं.

त्या आठवड्यात घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिविना मशीनवर बसे, चार टाके घाली, उठे, पुन्हा बसे.

"नेल्फा, आम्हाला कुणी झपाटलेलं नाही गं," ती मला म्हणाली. "ते दोघं गेले तर मागे उरेल ती मीच असेन का?"

मी सासूबाईंशी कडाकडा भांडले. त्या म्हणाल्या, तुझी पोर असती तर कळलं असतं. आणि दिविनानं अर्धवट टाकलेल्या गणवेशाची घडी घालू लागल्या. मला राग आला आणि त्यांची कीवही आली.

शुक्रवारी आम्ही तिघी जेवायला बसलो. भात, सुका मासा, आंबट सिरका. माझे कान फाटकाकडे. दोन घास झाले आणि दिविनानं चमचा ठेवला, पाय वर घेतला. अंबो आला होता. माशाचा तुकडा मोडून तो थांबला.

"मेदिंग, त्या इस्कोला कशाला त्रास? मीच निघतो. सेलालाही नेतो. पोरीवर ओरडू नकोस, ती रडते."

पाय खाली आला. दिविना चमचा चाचपू लागली. मग तिचा चेहरा उतरला.

"अंबो कुठंय? आत कुणीच बोलत नाही."

आमच्याकडे जेवण चालू असताना घरचं माणूस बाहेर निघालं, की मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं, जाणारा सुखरूप परतावा म्हणून. मी हात पुढे करणार तेवढ्यात समोर ताट टेबलावर घासल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी आपलं ताट फिरवलं होतं.

"सांभाळून जा रे, अंबो," त्या म्हणाल्या. "आणि सेलाला घेऊन परत ये."

फाटकाशी तातय इस्कोनं हाक दिली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"इस्कोला जेवायला वाढ, नेल्फा. आणि सांग, आमच्या घरात परकं कुणी नाही."

संध्याकाळ झाली तरी अंबो आला नव्हता. त्याच्या वाटचा मासा झाकून ठेवून सासूबाई मशीनपासून दारापर्यंत येरझारा घालत होत्या आणि दर फेरीला मशीनवर बसलेल्या दिविनाच्या पायांकडे बघत होत्या.