हुकाला भार असताना

साइटवर सगळे तिला 'वरच्या बाई' म्हणत. सकाळी सातला खालच्यांशी दोन शब्द बोलून ती शिडीला हात घालायची आणि दोनशे बारा पायऱ्या चढून टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसायची, ती थेट संध्याकाळीच खाली दिसायची. मधल्या वेळात तिचा आवाज तेवढा वॉकी-टॉकीतून ऐकू यायचा. एवढा मोठा सांगाडा एक बाईमाणूस हलवतं, हे नव्या मजुरांना पहिले दोन दिवस खरंच वाटायचं नाही. तिसऱ्या दिवशी वाटायचं, कारण तोवर हेल्मेटचा पट्टा न लावल्याबद्दल तिने त्यांच्यातल्या एखाद्याला वरून झापलेलं असायचं.

घरी मात्र तिच्या कामाला नाव नव्हतं. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. दुसऱ्याच्या अंगावरच्या शिवणीत अर्ध्या बोटाचा फरक असला तर तो त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा, आणि दिसला की बोलून दाखवल्याशिवाय राहवायचं नाही. पण शेजारणीने "सून काय करते हो?" असं विचारलं की या "असते कुठंतरी बांधकामावर" म्हणून विषय बदलायच्या. सून विटा उचलते असा शेजारणीचा समज झाला, तर होऊ द्यायच्या. खरं म्हणजे त्यांना काळजी वाटायची. पण काळजी वाटते असं म्हणण्यापेक्षा नाक मुरडणं त्यांना सोपं जायचं. अशी माणसं असतात, तुमच्याही घरात एखादं असेल.

त्यात हे पाखरांचं खूळ. साइटशेजारी पाण्याची जुनी, कोरडी टाकी होती आणि तिच्या भिंतीतल्या भोकात छोट्या ससाण्यांच्या एका जोडीने संसार मांडला होता. आकाराने कबुतराएवढे, पण तोरा असा की घारीलाही पळवून लावायचे. खालून पाहणाऱ्याला ते दोन ठिपके. बाई मात्र त्यांच्याही वर. त्यांच्या विटकरी पाठी, पाठीवरचे काळे ठिपके, वळताना उघडणारी शेपटी, हे सगळं तिला आपल्या अंगणात पाहावं तसं पायाखाली दिसायचं.

तिला सगळ्यात आवडायचं ते नराचं हवेत थांबणं. वाऱ्याकडे तोंड करून तो एका जागी पंख मारत राहायचा. पंख हलत, शेपटी हलत असे, पण डोकं म्हणाल तर खिळा ठोकल्यासारखं स्थिर. बाईचा जीव त्यावर जडला, आणि त्याला कारण होतं. तिचं स्वतःचं काम तरी दुसरं काय होतं? वारा कसाही असो, हुकाला लटकलेली वस्तू हलू द्यायची नाही.

नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याने तिला एक जुना कॅमेरा आणि लांब भिंग मिळवून दिलं. "घरात आता फोटो काढणारे दोघं झाले," तो म्हणायचा. "मी माणसांना हलू नका म्हणतो, आणि ही हलणाऱ्यांच्याच मागे."

पहिलं वर्ष फुकट गेलं. केबिनच्या ओरखडलेल्या काचेतून काढलेल्या फोटोंत ससाणा आहे की डाग, ते तिचं तिलाच कळत नसे. मग जेवणाच्या सुट्टीत ती केबिनबाहेरच्या जाळीच्या फळीवर पट्टा अडकवून उभी राहू लागली. तरी फोटो हलायचेच. एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. भार झुलायला लागला की नवशिका क्रेन उलटी खेचतो आणि झोका वाढवून ठेवतो. जाणता माणूस भाराच्या मागे जातो, त्याच्या बरोबर डोक्यावर पोचतो आणि तिथे त्याला धरतो. पाखराचंही तसंच. त्याला अडवायला जायचं नाही. त्याच्या वेगाने त्याच्याबरोबर जायचं, आणि बटण दाबल्यावरही क्षणभर जात राहायचं. त्या आठवड्यात तिला पहिला फोटो मिळाला, ज्यात पंखाचं एकेक पीस मोजता येत होतं. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिने आपल्याच कामातून उचललं.

एक नियमही तिने स्वतःच घालून घेतला होता. कॅमेऱ्याची बॅटरी जेवणाच्या डब्यासोबत पिशवीत गुंडाळून ठेवायची. हुक रिकामा झाला, क्रेन बंद केली आणि डबा उघडला, तरच बॅटरी बाहेर. "ज्या दिवशी हुकाला भार असताना माझा हात त्या पिशवीकडे जाईल," ती नवऱ्याला म्हणाली होती, "त्या दिवशी मी खाली उतरेन आणि पुन्हा चढणार नाही."

गावातल्या पक्षीमित्र मंडळाने वाचनालयात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळाचे सचिव निवृत्त दंतवैद्य, प्रत्येक फोटो किडका दात तपासावा तसा तपासायचे. तिचे फोटो मात्र त्यांनी दोनदा पाहिले. "आम्ही चाळीस वर्षं यांची पोटंच पाहत आलो," ते म्हणाले, "पाठी तुम्ही दाखवल्यात." एक अख्खी भिंत त्यांनी तिला देऊ केली, बारा चौकटींची. अकरा भरल्या. बारावी कशासाठी ठेवायची, हे तिच्या मनात पक्कं होतं.

नर उंदीर घेऊन यायचा आणि लांबूनच हाक द्यायचा. मादी भोकातून सुटायची, त्याच्या खाली यायची, हवेतच उलटी होऊन पाय वर करायची आणि त्याच्या पंजातला उंदीर आपल्या पंजात घ्यायची. सगळा खेळ एका श्वासाचा. वेळ साधारण सव्वाबाराची, नेमकी तिच्या सुट्टीतली. चौदा दिवस ती मागावर होती. एकदा दोघं क्रेनच्या मागे गेले, एकदा ऊन तिरपं आलं, एकदा नुसती शेपटी मिळाली. आणि रविवारी क्रेन उतरवायची होती. म्हणजे शनिवार शेवटचा.

शनिवारी सकाळी निघताना ती घरात म्हणाली, "आज मिळाला तर मिळाला. नाहीतर बारावी चौकट रिकामी."

"जगबुडी होणार म्हणजे," सासूबाई भांडी पुसत म्हणाल्या.

गच्चीवरच्या खोलीचं तयार छत अकराला चढवायचं होतं. चार टनांची सपाट फरशी, तेवढंच शेवटचं काम. पण ट्रक वाटेत अडकला आणि आला बाराला. वॉकी-टॉकी खरखरला. खाली इशारे देणारा दादा विचारत होता, "बाई, जेवून घेता का आधी? तुमची सुट्टी आहे."

तिने टाकीकडे पाहिलं. मग वारा मोजणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा सकाळपासून हळूहळू चढत होता. एक वाजेपर्यंत तो लाल खुणेला टेकला असता, आणि मग ती फरशी उद्यावर गेली असती, जेव्हा क्रेनच नसती.

"जेवण कुठं पळून जातंय दादा," ती म्हणाली. "बांधा साखळ्या."

फरशी वर आली. गच्चीच्या कठड्याशी तिघं गवंडी हात वर करून उभे होते. फरशी त्यांच्या हातांच्या उंचीवर आली आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. फरशीचं एक टोक त्या माणसांकडे वळायला लागलं. आणि त्याच क्षणी बाईला हाक ऐकू आली. नराची.

तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात टाकीच्या भोकातून काहीतरी सुटलं. ऊन पाठीवर होतं, अंतर नेमकं होतं, चौदा दिवसांत आलं नव्हतं ते सगळं एकदम जुळून आलं होतं. हात पिशवीकडे जाणं तर सोडाच, तिने मानही वळवली नाही. तिची नजर फरशीच्या कडेवर होती आणि तिथेच राहिली. झोका गेला तिकडे क्रेन घेऊन ती अर्धा हात गेली, त्याच्या डोक्यावर पोचली आणि थांबली. फरशी थांबली.

"थोडं खाली," दादाचा आवाज. "थोडं... अजून... बस! बसली, बाई!"

साखळ्या सुटल्यावर तिने टाकीकडे पाहिलं. मादी कठड्यावर बसून उंदीर फाडत होती. बाईला रडू आलं, आणि वर एकटीच असल्यामुळे तिने ते येऊ दिलं. आपण बरोबर केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण त्याने चौकट थोडीच भरणार होती?

खाली उतरली तर कुंपणाबाहेर सासूबाई उभ्या. हातात मोबाइल.

"आई? तुम्ही इथं कशा?"

"औषध आणायला आले होते." औषधाचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. "मिळाला का गं फोटो?"

"नाही. भार होता हुकाला."

"दिसला तो." सासूबाईंनी मोबाइल पुढे केला. "मी काढलेत. बघ काही आलंय का. मला तर ते बटण नीट सापडतही नाही."

एकूण अकरा फोटो. दहांत सासूबाईंचा अंगठा. अकराव्यात आभाळ, क्रेन, कठड्यावरून वर आलेले सहा हात, त्यांच्यासमोर तरंगणारी फरशी. आणि फरशी अन् टाकी यांच्यामध्ये दोन ठिपके, एक सुलटा, एक उलटा. त्यांचे पाय एकमेकांना भिडलेले.

बाई त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. सासूबाई फरशीकडे पाहत होत्या. "वारा केवढा होता," त्या म्हणाल्या. "माझा पदर हातात राहत नव्हता."

सचिवांनी तो फोटो पाहून चष्मा काढला. "बाई, पक्षी म्हणून यात काही नाही हो. मोठा केला तर फुटेल."

"फुटू दे," बाई म्हणाली. "बारावी चौकट त्याचीच."

प्रदर्शनाच्या दिवशी अकरा फोटोंसमोर लोक तोंडात बोट घालून उभे राहत होते. बाराव्याशी सासूबाई स्वतः उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, सकाळी दहापासून. कुणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. तिथं साइटवरचा एक गवंडी बायकोला घेऊन आला. त्याने फोटोतल्या सहा हातांपैकी दोनांवर बोट ठेवलं आणि मग आपले दोन्ही हात बायकोपुढे धरले.

मग शेजारीण आली. तीच ती. फोटोत डोकं घालून म्हणाली, "यात पाखरं कुठायत हो?"

"पाखरं मागाहून बघा," सासूबाई म्हणाल्या आणि फरशीच्या कडेवरून बोट फिरवलं. "आधी ही कड बघा. चार टनांचं वजन, एवढं वारं, आणि कड बघा कशी आहे. मी तीस वर्षांत इतकी सरळ शिवण घातली नाही."

मग त्यांचं बोट फोटोत वर वर गेलं, क्रेनच्या पार टोकाशी, काचेच्या एका चमकत्या चौकोनापाशी.

"आणि ही, इथं बसलीय ना," त्या म्हणाल्या, "ती माझी सून. क्रेन चालवते."